वाचकांचे प्रश्न : पाण्यातली विषारी रसायनं आणि संगणकी मॉडेलं

पाण्यातल्या विषारी रसायनांचा हिशोब संगणकावर मांडणाऱ्या, किंवा दुसऱ्याने मांडलेल्या हिशोबावर निर्णय घ्यावा लागणाऱ्या वाचकांचे निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. एकाच मुद्द्यावरचे प्रश्न एकत्र केले आहेत. उत्तरांतल्या नद्या आणि विहिरी हिशोब कळावा म्हणून कल्पिलेल्या आहेत. सूत्रं तीच राहतील, आकडे मात्र तुमच्या जागेवरच मोजावे लागतील.

प्रश्न : आमच्या पाणी उपसा केंद्राच्या वरच्या अंगाला २० किलोमीटरवर रसायनांचं गोदाम आहे. तिथून नदीत काही सांडलं तर ते आमच्यापर्यंत कधी पोचेल आणि किती प्रमाणात, हे पटकन काढता येतं का? मोठं सॉफ्टवेअर चालवणारं आमच्याकडे कुणी नाही.
— पाणीपुरवठा अभियंता

येतं, आणि साध्या स्प्रेडशीटमध्ये येतं. त्यासाठी नदीचे चार आकडे हवेत : सरासरी वेग, रुंदी, खोली आणि उतार. समजा वेग सेकंदाला ०.५ मीटर, रुंदी ४० मीटर, खोली २ मीटर आणि उतार किलोमीटरला २० सेंटिमीटर आहे. पाण्यात पूर्ण विरघळणारं ५० किलो रसायन एकदम सांडलं.

पहिली पायरी घर्षणवेगाची. गुरुत्व (९.८१), खोली आणि उतार यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ काढलं की सेकंदाला ०.०६३ मीटर येतो. दुसरी पायरी विखुरण गुणांकाची. काठाजवळचं पाणी हळू आणि मधलं वेगाने जातं, त्यामुळे रसायनाचा ढग लांबत जातो. तो किती लांबेल हे हा गुणांक सांगतो. फिशर यांच्या सूत्राप्रमाणे ०.०११ × वेगाचा वर्ग × रुंदीचा वर्ग, भागिले खोली × घर्षणवेग. आपल्या नदीत हा गुणांक सेकंदाला सुमारे ३५ चौरस मीटर येतो.

आता वेळ. २०,००० मीटर भागिले ०.५ म्हणजे ४०,००० सेकंद, साधारण ११ तास. त्या वेळचं कमाल प्रमाण काढायला वस्तुमानाला पात्राच्या छेदाने (८० चौरस मीटर) भागा आणि मग (४ × पाय म्हणजे ३.१४ × विखुरण गुणांक × वेळ) याच्या वर्गमुळाने भागा. ते वर्गमूळ सुमारे ४,२०० मीटर येतं आणि कमाल प्रमाण लिटरला सुमारे १५० मायक्रोग्रॅम. ढगाचा मुख्य भाग तुमच्या केंद्रासमोरून सव्वानऊ ते तेरा तासांच्या दरम्यान जाईल. उपसा बंद ठेवण्याचा कालावधी ठरवताना ११ तासांच्या शिखरापेक्षा हे पावणेचार तास महत्त्वाचे.

या हिशोबात चूक कुठे होते तेही सांगतो, कारण उत्तर फार सहज मिळतं आणि म्हणून त्याच्यावर विश्वासही पटकन बसतो. सर्वांत मोठी चूक वेगाची. वेग ०.५ ऐवजी ०.६ निघाला तर शिखर सुमारे एक तास ५० मिनिटं आधी येतं, म्हणजे तुम्ही पंप बंद करायला घ्याल नेमकं तेव्हाच. म्हणून त्या दिवसाचा विसर्ग बघूनच वेग घ्या. वर्षाची सरासरी इथे कामाची नाही. विखुरण गुणांक सूत्रातून काढला तर तो चौपट इकडेतिकडे असू शकतो. पण प्रमाण त्याच्या वर्गमुळावर चालतं, म्हणून कमाल प्रमाणात दुपटीचा फरक धरून चाला. तिसरी गोष्ट, हे सूत्र रसायन पात्राच्या सगळ्या रुंदीत मिसळलंय असं मानतं. एका काठाने सोडलेलं रसायन आपल्या या नदीत पूर्ण मिसळायला सुमारे सव्वाचार किलोमीटर घेतं. केंद्र त्या अंतराच्या आत असतं तर हा हिशोब वापरताच आला नसता : गोदामाच्याच काठाला असलेल्या केंद्राला प्रमाण कितीतरी जास्त मिळालं असतं.

गळती दोन तास चालली असेल तर तिचे दहा-दहा मिनिटांचे तुकडे करा, प्रत्येक तुकडा स्वतंत्र गळती समजून हिशोब करा आणि सगळ्यांची बेरीज घ्या. खऱ्या नदीत डोह, झुडपांमागचं साचलेलं पाणी, बंधाऱ्यांमागचे कोपरे रसायन धरून ठेवतात आणि सावकाश सोडतात. त्यामुळे ढगाला शेपूट राहतं. सूत्रात ते दिसत नाही, म्हणून हिशोबाची वेळ संपली तरी दोन लागोपाठचे नमुने स्वच्छ आल्याशिवाय पंप सुरू करू नका. विघटन आणीबाणीत धरूच नये. दहा दिवसांचं अर्धायुष्य असलेलं, म्हणजे दहा दिवसांत निम्मं होणारं रसायन ११ तासांत जेमतेम ३ टक्के कमी होतं. पाण्यावर तरंगणारी तेलं आणि तळाशी बसणारी जड, न विरघळणारी द्रावणं या सूत्रात बसत नाहीत.

१ नोव्हेंबर १९८६ रोजी बाझलजवळच्या श्वाइझरहाल इथे सँडोझच्या गोदामाला आग लागली आणि विझवायला वापरलेल्या पाण्याबरोबर कीटकनाशकं ऱ्हाइन नदीत गेली. खाली शेकडो किलोमीटरपर्यंत ईल मासे मेले. त्यानंतर ऱ्हाइनसाठी जे इशारा मॉडेल तयार झालं, त्याचा गाभा हाच हिशोब आहे. पण त्याचे वेग आणि विखुरण गुणांक नदीत रंगद्रव्य सोडून, ते ठिकठिकाणी मोजून बसवले आहेत. शक्य असेल तर वर्षात दोनदा, कमी आणि मध्यम विसर्गाला, रोडामाइन डब्ल्यूटी या रंगद्रव्याची चाचणी परवानगी घेऊन करा. त्या दोन चाचण्यांनी हिशोबाची विश्वासार्हता जेवढी वाढते, तेवढी कुठल्याही महागड्या सॉफ्टवेअरने वाढत नाही.

प्रश्न : मी नदीचं एकमितीय मॉडेल स्वतः लिहिलंय. वरच्या बाजूचा फरक घेणारी, म्हणजे अपविंड पद्धत वापरली आहे. कप्पे ५०० मीटरचे, कालपायरी ५०० सेकंदांची. मॉडेल स्थिर चालतं, वस्तुमानही जुळतं, तरी रंगद्रव्य चाचणीत मोजलेलं शिखर मॉडेलच्या दीडपटीहून जास्त येतं. गळतीचं वस्तुमान वाढवून जुळवू का?
— एम.टेक.चा विद्यार्थी

मुळीच नको. चूक नदीत नाही आणि वस्तुमानातही नाही. अपविंड पद्धत स्वतःचं विखुरण तयार करते, जे निसर्गात नसतं. त्याची किंमत : वेग × कप्प्याची लांबी ÷ २ × (१ − कूरांट अंक). कूरांट अंक म्हणजे वेग × कालपायरी ÷ कप्प्याची लांबी. वरच्याच उत्तरातली नदी घेऊ. वेग ०.५ असताना तुमचा कूरांट अंक ०.५ होतो आणि हे खोटं विखुरण सेकंदाला ६२.५ चौरस मीटर येतं. खरं विखुरण ३५ आणि खोटं त्याच्या पावणेदोन पट! दोन्ही मिळून ९७.५ झाले की शिखर खऱ्याच्या ६० टक्क्यांवर येतं. म्हणजे जिथे १५० मायक्रोग्रॅम यायला हवेत तिथे मॉडेल ९० दाखवतं. तुमच्या चाचणीतला फरक नेमका एवढाच आहे.

कप्पे ५० मीटरचे करा. पण कालपायरीही ५० सेकंद केलीत तर नवीन अडचण येईल. तुमच्यासारख्या स्पष्ट (एक्सप्लिसिट) पद्धतीत कूरांट अंक आणि (२ × विखुरण × कालपायरी ÷ कप्प्याच्या लांबीचा वर्ग) यांची बेरीज १ च्या आत राहावी लागते. ५० सेकंदांना ती १.६ च्या पुढे जाते आणि प्रमाण एका कप्प्यात ऋण, शेजारच्यात अवास्तव मोठं असं झुलायला लागतं. कालपायरी २५ सेकंद घ्या. मग खोटं विखुरण सुमारे ९ उरतं. तेवढं ३५ मधून वजा करून मॉडेलला २६ द्या. बेरीज ०.७७ च्या आसपास येते, म्हणजे मॉडेल स्थिरही राहतं.

तयार सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनीही एक सवय ठेवावी. कप्पे निम्मे करून मॉडेल पुन्हा चालवा. उत्तर बदललं तर पहिलं उत्तर नदीचं नव्हतं, कप्प्यांच्या जाळीचं होतं. वस्तुमान किंवा विघटन दर ओढूनताणून शिखर जुळवलं की तो खोटा आकडा पुढच्या प्रत्येक परिस्थितीत तुमच्या मॉडेलबरोबर जातो, आणि मग तो शोधायला कुणी परत येत नाही.

प्रश्न : कीटकनाशकाच्या अभ्यासासाठी क्वाल-२के हे नदीचं मॉडेल उतरवून घेतलं, पण त्यात कीटकनाशक टाकायची जागाच सापडत नाही. नेमकं कुठलं मॉडेल घ्यावं?
— पर्यावरणशास्त्राच्या प्राध्यापिका

सापडणार नाही, कारण ते त्यासाठी नाहीच. १९२५ साली स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी ओहायो नदीसाठी विरघळलेल्या ऑक्सिजनचा हिशोब मांडला. क्वाल-२के त्याच घराण्यातलं : ऑक्सिजन, बीओडी (सेंद्रिय घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन), नत्र, स्फुरद, शेवाळ. विषारी रसायनाला लागणारं गाळावरचं चिकटणं, बाष्पीभवन, प्रकाशाने होणारं विघटन आणि तळाच्या गाळाशी देवाणघेवाण यांसाठी अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचं वास्प घ्या. ते विनामूल्य मिळतं. विषाचा परिणाम अन्नसाखळीत बघायचा असेल तर त्याच संस्थेचं ॲक्वाटॉक्स. भूजलाच्या प्रवाहासाठी मॉडफ्लो आणि त्यातून रसायन कसं जातं यासाठी त्याला जोडून एमटी३डीएमएस. धातूंची रासायनिक रूपं काढायला फ्रीक्सी. नळकांड्यातून सुटणारं सांडपाणी पहिल्या काहीशे मीटरांत कसं मिसळतं, एवढाच प्रश्न असेल तर कॉरमिक्स.

तरीही यातलं काहीही उघडण्यापूर्वी रसायनाचे चार आकडे कागदावर लिहा : पाण्यातली विद्राव्यता, हेन्रीचा स्थिरांक (हवेत जाण्याचा ओढा), ऑक्टॅनॉल-पाणी गुणोत्तर (पाण्यापेक्षा तेलकट, सेंद्रिय पदार्थात जाण्याचा ओढा) आणि पाण्यातलं व गाळातलं अर्धायुष्य. रसायन हवेत जाणार, पाण्यात राहणार की गाळात बसणार, हे बहुतेक वेळा तेवढ्यावरूनच कळतं. जे गाळात बसणार त्याच्यासाठी पाण्याचं बारीक मॉडेल करत बसण्यात अर्थ नाही.

प्रश्न : एकाच ठिकाणचा नमुना दोन प्रयोगशाळांना दिला. एकीने लिटरला ८० नॅनोग्रॅम सांगितलं, दुसरीने ४६. रसायनाचं ऑक्टॅनॉल-पाणी गुणोत्तर दहा लाखांच्या घरात आहे. मॉडेलमधलं विरघळलेलं प्रमाण तर ३३ येतंय. कुणाचं खरं मानायचं?
— संशोधन सहायक

तिन्ही खरी असू शकतात. पहिल्या प्रयोगशाळेने गाळण न करता नमुना तपासला असणार, दुसरीने गाळून. अहवालात ही ओळ नसेल तर फोन करून विचारा. आकडा वापरायच्या आधी विचारायचा हा पहिला प्रश्न आहे.

हिशोब बघा. सेंद्रिय कार्बनवर चिकटण्याचा गुणांक ढोबळमानाने ऑक्टॅनॉल-पाणी गुणोत्तराच्या ०.४१ पट, म्हणजे किलोला ४,१०,००० लिटर. निलंबित गाळात ५ टक्के सेंद्रिय कार्बन असेल तर गाळाचा गुणांक २०,५०० होतो. पाण्यात लिटरला ५० मिलिग्रॅम गाळ असेल तर विरघळलेल्या प्रत्येक भागामागे गाळावर १.०२ भाग बसतात. इथवर बहुतेक जण येतात. पण पाण्यात विरघळलेले सेंद्रिय पदार्थही असतात आणि तेही रसायन धरून ठेवतात, साधारण गुणोत्तराच्या ०.०८ पट. ते लिटरला ५ मिलिग्रॅम असतील तर आणखी ०.४ भाग त्यांच्याकडे जातो. एकूण २.४२ भागांपैकी मोकळा १ भाग, म्हणजे ४१ टक्के : ८० पैकी ३३. गाळणीतून मात्र मोकळा भाग आणि सेंद्रिय पदार्थांना धरलेला भाग असे दोन्ही जातात. १.४ भागिले २.४२, म्हणजे ५८ टक्के : ८० पैकी ४६. तुमचे तिन्ही आकडे जुळले.

माशाच्या कल्ल्यातून आत शिरतो तो मुख्यतः मोकळा भाग, म्हणून विषारीपणासाठी ३३ धरा. पाणी उपसणाऱ्याला, गाळासकट सगळं आत येणार असल्याने, ८० ची काळजी करावी लागेल. पुरात गाळ लिटरला २०० मिलिग्रॅम झाला तर मोकळा हिस्सा १८ टक्क्यांवर उतरतो. त्यावरून पूर आला की धोका कमी झाला, असा निष्कर्ष मात्र काढू नका. पूर तळाचा गाळ उकरतो आणि त्यात वर्षानुवर्षं साठलेलं रसायन वर आणतो, त्यामुळे एकूण प्रमाणच अनेक पटींनी वाढू शकतं. मॉडेलमध्ये तळाचा ५ ते १० सेंटिमीटरचा सक्रिय थर ठेवलाच पाहिजे आणि त्याचं सुरुवातीचं प्रमाण गाळाच्या खऱ्या नमुन्यातून द्यायला हवं. ते शून्य ठेवलं तर मॉडेलमधली नदी सांडपाणी थांबताच काही दिवसांत स्वच्छ होते. खऱ्या नदीचा गाळ पुढची कित्येक वर्षं रसायन परत देत राहतो.

अशा रसायनाचा नमुना प्लास्टिकच्या बाटलीत घेऊ नका, ते बाटलीच्या भिंतीलाच बसतं. काचेची बाटली घ्या आणि प्रयोगशाळेला सांगा, की रिकामी झाल्यावर ती द्रावकाने खळखळून ते द्रावकही मोजात धरायचं.

प्रश्न : दोन ओढ्यांत विरघळलेलं तांबं सारखंच आहे. एकात मासे ठीक, दुसऱ्यात पिल्लं मरतात. मॉडेल हा फरक सांगू शकतं का?

सांगू शकतं, पण पाण्याच्या बाकीच्या घटकांचे आकडे दिले तरच. तांब्याचा मोकळा आयन कल्ल्यावर बसतो तेव्हा विषबाधा होते. विरघळलेले सेंद्रिय पदार्थ त्याला आधीच बांधून ठेवतात, कॅल्शियम कल्ल्यावरच्या त्याच जागांसाठी त्याच्याशी स्पर्धा करतं, आणि पीएचप्रमाणे त्याची रूपं बदलतात. ‘बायोटिक लिगँड मॉडेल’ हा सगळा तोल मांडतं. अमेरिकेने २००७ मध्ये गोड्या पाण्यातल्या तांब्याचे निकष त्याच्यावर बेतले. त्याला तापमान, पीएच, विरघळलेला सेंद्रिय कार्बन, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम, सल्फेट, क्लोराइड आणि क्षारता एवढं लागतं.

नेमका सेंद्रिय कार्बन मोजायचा राहून जातो आणि मग कुठल्या तरी पुस्तकातला आकडा भरला जातो. उत्तर सर्वांत जास्त हलतं ते त्याच्यावरच. पीएच ओढ्याच्या काठावर मोजा. बाटली प्रयोगशाळेत पोचेपर्यंत कार्बन डायऑक्साइड निघून जातो किंवा वाढतो आणि पीएच सरकतो. तुमच्या दुसऱ्या ओढ्याचं पाणी मऊ, किंचित आम्लधर्मी आणि निवळशंख असेल, असा आमचा अंदाज आहे. दिसायला निर्मळ पाणीच तांब्याच्या बाबतीत जास्त घातक असतं.

पाऱ्याला हे मॉडेल लावू नका. त्याचा धोका मिथाइल पारा होऊन अन्नसाखळीत साठत जाण्याचा आहे, आणि पाण्यात जेमतेम सापडणारा पारा मोठ्या शिकारी माशात लाखो पटींनी सापडू शकतो.

प्रश्न : आमच्या सांडपाण्यात असं एक रसायन आहे, ज्याच्या विषारीपणाची कुठलीच चाचणी झालेली नाही. ईकोसार हे सॉफ्टवेअर रासायनिक रचनेवरून माशांसाठीचा घातक आकडा देतं. तो अहवालात वापरता येईल का?
— कारखान्याचे पर्यावरण अधिकारी

प्राथमिक छाननीसाठी येईल; परवानगीची मर्यादा ठरवायला एकट्यावर विसंबू नये. ईकोसार रसायनाचा वर्ग ओळखतं आणि त्या वर्गातल्या चाचण्यांवरून, ऑक्टॅनॉल-पाणी गुणोत्तराच्या आधारे अंदाज बांधतं. तेव्हा पहिल्यांदा बघा, तुमचं रसायन त्याच्या कक्षेत बसतं का. धातूंची संयुगं, असेंद्रिय क्षार आणि मोठे बहुवारिक (पॉलिमर) बसत नाहीत. पाण्यात आयन होणाऱ्या रसायनांना फार जपून. गुणोत्तराचा लॉग ५ च्या वर, म्हणजे गुणोत्तर एक लाखाच्या वर असेल तर मासे आणि डाफ्निया (पाणपिसू) यांच्या तीव्र, म्हणजे थोड्या काळातल्या विषबाधेचा आकडा अर्थपूर्ण राहत नाही. मिळालेला घातक आकडा रसायनाच्या विद्राव्यतेपेक्षा मोठा असेल तर ते प्रमाण पाण्यात होऊच शकत नाही. त्याचा अर्थ ‘सुरक्षित’ असा नाही : दीर्घकालीन परिणाम वेगळे तपासावे लागतात.

एकाच रसायनासाठी सॉफ्टवेअर अनेक वर्गांचे आकडे दाखवतं. त्यातला सोयीचा उचलू नका, सर्वांत कमी असलेला घ्या आणि का घेतला ते लिहा. दुसऱ्या पद्धतीच्या सॉफ्टवेअरने, उदाहरणार्थ ‘टेस्ट’ नावाच्या सॉफ्टवेअरने, ताडून पाहा. दोन्हींत दहापट फरक आला तर प्रत्यक्ष चाचणी करा : डाफ्नियाची ४८ तासांची आणि माशांची ९६ तासांची.

चाचणीच्या आकड्यापासून सुरक्षित पातळीपर्यंत जायला सुरक्षा भाजक वापरतात. युरोपीय पद्धतीत शेवाळ, डाफ्निया आणि मासा या तिघांचे फक्त तीव्र आकडे असतील तर सर्वांत कमी आकड्याला १,००० ने भागतात. तिघांच्याही दीर्घकालीन चाचण्या असतील तर १० ने. त्या पद्धतीचा भाजक मोजलेल्या आकड्यांसाठी आहे. अंदाजित आकड्याला तोच लावून खाली ‘सुरक्षित’ असा शिक्का मारणं चूक आहे.

आणि रसायनाबरोबर त्याची विघटनातून होणारी अपत्यंही मॉडेलमध्ये घाला. गाड्यांच्या टायरमध्ये ६पीपीडी हे रसायन असतं. ओझोनशी संयोग होऊन त्याचं ६पीपीडी-क्विनोन होतं आणि पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यात जातं. कोहो सामन मासे शहरी ओढ्यांत का मरतात, याचं कारण म्हणून ते २०२० मध्ये पुढे आलं. लिटरला एक मायक्रोग्रॅमच्याही आत ते या माशांना मारतं. कुठलंही मॉडेल न विचारलेल्या रसायनाचं उत्तर देत नाही. ते सापडलं पाण्याचे घटक वेगळे करत, प्रत्येकाची माशांवर चाचणी घेत गेल्याने.

प्रश्न : विहिरीपासून ३०० मीटरवर पूर्वी ट्रायक्लोरोएथिलीन हे द्रावक सांडलं होतं. सल्लागार म्हणतात, १७ वर्षं काळजी नाही. हा आकडा कुठून येतो?

असा येतो. वाळूच्या थराची वाहकता (पाणी वाहू देण्याची क्षमता) दिवसाला १० मीटर, भूजल पातळीचा उतार हजारास २ आणि सच्छिद्रता ०.२५ धरली की पाणी दिवसाला ८ सेंटिमीटर, वर्षाला २९ मीटर सरकतं. रसायन वाळूवर थोडं चिकटतं म्हणून मागे पडतं. घनता १.७ आणि चिकटण्याचा गुणांक किलोला ०.१ लिटर धरला तर १.७ पट मागे, म्हणजे वर्षाला १७ मीटर. ३०० भागिले १७, झाली साडेसतरा वर्षं.

यातला प्रत्येक आकडा सरासरी आहे, आणि रसायन सरासरी वाटेने येत नाही. ते सर्वांत मोकळ्या वाटेने येतं. थरात जाड वाळूचा एखादा पट्टा असेल आणि तिथली वाहकता पाचपट असेल, तर त्या पट्ट्यातून ते साडेतीन वर्षांत पोचेल. उपसा सुरू असेल तर विहिरीजवळ उतार वाढतो आणि वेळ आणखी घटते. सल्लागारांना विचारा : वाहकता पंपिंग चाचणीतून आली की तक्त्यातून? किती निरीक्षण विहिरी आहेत, आणि त्या किती खोलीवर उघडतात?

दुसरा प्रश्न जास्त गंभीर आहे. ऑक्सिजन नसलेल्या भूजलात ट्रायक्लोरोएथिलीनचं डायक्लोरोएथिलीन आणि त्याचं पुढे व्हिनाइल क्लोराइड होतं. व्हिनाइल क्लोराइड माणसात कर्करोग घडवतं. पिण्याच्या पाण्यात जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ०.३ मायक्रोग्रॅम आहे. मॉडेलमध्ये फक्त मूळ रसायनाला विघटन दर दिला असेल, तर आलेखात ते कमी होताना दिसतं आणि सगळ्यांना हायसं वाटतं. एमटी३डीएमएस मूळचं एकेका रसायनाचा हिशोब करतं. ही साखळी मांडायची तर अनेक रसायनांची अभिक्रिया धरणारं आरटी३डी वापरायला सांगा, आणि आजपासूनच तिन्ही रसायनांची तपासणी सुरू करा.

प्रश्न : माझ्या मॉडेलचा आर-वर्ग ०.९४ आहे, तरी परीक्षकांनी ते परत पाठवलं. शिवाय ४० टक्के नमुने ‘आढळले नाही’ असे आहेत. तिथे मी शोधमर्यादेच्या, म्हणजे प्रयोगशाळेला ओळखता येणाऱ्या सर्वांत कमी प्रमाणाच्या निम्मा आकडा भरला. यात चूक काय?
— पीएच.डी. विद्यार्थिनी

प्रत्येक वेळी खऱ्याच्या बरोबर निम्मा आकडा सांगणाऱ्या मॉडेलचाही आर-वर्ग १ येतो. तो फक्त चढउतार जुळतात एवढंच सांगतो. त्याच्याबरोबर टक्केवारीतला कल (मॉडेल एकंदरीत किती टक्के जास्त किंवा कमी सांगतं ते) आणि मॉडेलची तुलना मोजणीच्या सरासरीशी करणारा नॅश-सटक्लिफ गुणांक द्या. गुणांक शून्य आला तर मॉडेलपेक्षा नुसती सरासरी सांगितली असती तरी चाललं असतं.

४० टक्के जागी एकच आकडा भरल्याने तुमच्या माहितीत नसलेला सपाट पट्टा तयार झाला. सरासरीही बिघडली आणि विचलनही. शोधमर्यादा दर वर्षी बदलत गेली असेल तर त्या पट्ट्याला उतार मिळतो आणि तो प्रदूषणाचा कल म्हणून छापला जातो. कॅप्लान-मायर किंवा क्रमावर आधारित प्रतिगमन वापरा. दोन्ही पद्धती ‘याच्यापेक्षा कमी’ ही माहिती तशीच्या तशी वापरतात.

मॉडेल जुळवायला घेतलेली वर्षं आणि तपासायला घेतलेली वर्षं वेगळी ठेवा. तपासणीच्या वर्षांत एक तरी कोरडं वर्ष असू द्या, कारण सांडपाण्यातून येणाऱ्या रसायनाचं प्रमाण कमी पाण्यात वाढतं. आणि नदीत येणारा रसायनाचा भार व विघटन दर यांची एक जोडी, आणि भार दुप्पट व विघटन दर त्याला पुरेल इतका वाढवलेली दुसरी, अशा दोन जोड्या एकाच ठिकाणच्या नमुन्यांशी सारख्याच जुळतात. त्यांतली खरी कुठली, हे त्या एका ठिकाणावरून कधीच ठरत नाही. वरच्या अंगाला दुसरं ठिकाण मोजलं की ठरतं. शेवटचं उत्तर एक आकडा म्हणून देऊ नका; अनिश्चित आकडे त्यांच्या पल्ल्यात बदलत हजारो वेळा मॉडेल चालवा आणि मर्यादा ओलांडण्याची शक्यता किती, ते लिहा.

प्रश्न : भूजलातल्या आर्सेनिकचा जागतिक नकाशा पाहिला. त्यात आमचा भाग फिकट रंगात आहे. म्हणजे आमच्या बोअरचं पाणी प्यायला चालेल ना?

नकाशावरून हे ठरवू नका. २०२० मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेला नकाशा ५०,००० हून जास्त मोजणींवर यंत्रशिक्षणाने (मशीन लर्निंगने) बनवला आहे. जगात ९.४ ते २२ कोटी लोकांना लिटरला १० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त आर्सेनिकचा धोका असू शकतो, असा त्याचा अंदाज आहे. त्याचा एक ठिपका सुमारे एक किलोमीटरचा आहे. शेजारच्या दोन बोअरमध्ये, नुसत्या खोलीच्या फरकाने, आर्सेनिक दहापट वेगळं असू शकतं. तपासणी आधी कुठल्या भागात करायची, हे ठरवायला तो नकाशा उत्तम. तुमच्या बोअरचं उत्तर तपासणीच देईल.

नमुना नीट घ्या. पाण्याचं तापमान आणि विद्युतवाहकता स्थिर होईपर्यंत बोअर चालू ठेवा. मग पाणी न गाळता, आम्लाने धुतलेल्या प्लास्टिकच्या बाटलीत भरा आणि प्रयोगशाळेने दिलेल्या नायट्रिक आम्लाने पीएच २ च्या खाली आणा. आम्ल घातलं नाही तर हवा लागताच पाण्यातलं लोह तांबूस साक्याच्या रूपात खाली बसतं, आर्सेनिक त्याच्याबरोबर तळाला जातं आणि वरच्या निवळ पाण्याचा अहवाल खोटा कमी येतो. पूर येऊन गेल्यावर आणि उन्हाळ्याच्या शेवटी, अशा दोन वेळा तपासून घ्या.